हसलेला अनारसा

पुण्याकडून येणारा जुना रस्ता बोरघाटाची वळणे उतरून खोपोलीच्या सपाटीला लागला, की शिळफाटा येतो. हा घाटरस्ता १८३० साली गाड्यांना खुला झाला. त्यापूर्वी बैलांचे तांडे कोकणचे मीठ या घाटाने वर नेत आणि देशावरचा माल खाली आणीत. अशा वाटेवर राहणाऱ्यांना पाहुण्यांची सवय असते. आलेल्याला गूळपाणी द्यावे, आणि सणासुदीचा दिवस असेल तर घरी केलेले काही गोडधोड पुढे ठेवावे, ही तेथील रीत.

फाट्याजवळच्या एका कौलारू घरात एक आजी राहत असे. तिचे अनारसे साऱ्या आळीत नावाजलेले होते. कोणी कृती विचारली, तर आजी ती हातचे काही न राखता सांगे. जुना, जाडा तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज त्याचे पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी तो उपसून सावलीत, स्वच्छ पंचावर पसरायचा. पुरता वाळू द्यायचा नाही. हाताला ओलसर लागत असतानाच उखळात कुटून बारीक चाळणीने चाळायचा. पिठाच्या वजनाइतका गूळ किसून त्यात कालवायचा, तुपाचा हात लावून गोळे करायचे आणि ते चार-सहा दिवस बरणीत मुरू द्यायचे. मग खसखशीवर पुरी थापायची आणि खसखस वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायची. अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवीत राहायचे. भिजण्याने तांदळाला किंचित आंबूसपणा येतो आणि तळताना अनारशाला नाजूक जाळी सुटते.

गूळ जास्त पडला किंवा पीठ सैल झाले, तर अनारसा कढईत फुटून त्याचा चुरा होतो. त्याला 'अनारसा हसला' असे म्हणतात. अनारसा हसला, की करणारी मात्र रडकुंडीला येते. शेजारच्या काकूंनी आजीला विचारून दोनदा अनारसे करून पाहिले होते आणि दोन्ही वेळा ते हसले होते. "माझ्या हातालाच गुण नाही," असे त्या खिन्नपणे म्हणत. आजीचा अनारसा कधी हसत नसे.

२००४ साली श्रावण अधिक आला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारे ११ दिवसांचे हे अंतर साठत जाते आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना धरून पंचांग ते भरून काढते. या महिन्याला लोक धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला आणि जावयाला घरी बोलावून जाळीदार पदार्थाचे वाण द्यायचे, आणि तेही ३३ च्या संख्येने, असा या महिन्याचा रिवाज आहे. म्हणून त्यात अनारशाचा मान मोठा. आजीची थोरली लेक आणि जावई पनवेलहून येणार होते.

आजीची नात तेव्हा सातवीत होती. शाळेचे हस्तलिखित दिवाळीनंतर निघायचे होते आणि मराठीच्या बाईंनी प्रत्येकाला घरातील एखाद्या जुन्या पदार्थाविषयी लिहून आणण्यास सांगितले होते. नातीने आजीच्या अनारशांवर लेख लिहिला. सारी कृती तिने दिलीच. शिवाय शेवटी मोठ्या अभिमानाने एक वाक्य जोडले : 'आमच्या घरी विकतचे पीठ कधीही येत नाही.' बाईंनी लेख वाचला, तिची पाठ थोपटली आणि सहज विचारले, "तांदूळ भिजवताना तू पाहिलेस ना?"

नात गप्प झाली. अनारसे तळताना तिने अनेकदा पाहिले होते. भिजत घातलेला तांदूळ मात्र तिने एकदाही पाहिला नव्हता.

"मग या वेळी नीट पाहा आणि पाहिलेले लिही," बाई म्हणाल्या. "लेख सावकाश दिलास तरी चालेल."

पाहुणे यायला दहा दिवस उरले, आठ उरले, पाच उरले. बाहेर पाऊस कौलांवर अखंड ताशा वाजवीत होता. नात शाळेतून आली, की स्वयंपाकघरातील पातेल्यांची झाकणे उघडून पाही. तांदूळ कोठेच भिजत नव्हता. तीनच दिवस उरले तेव्हा तिला राहवेना.

"आजी, तांदूळ कधी भिजत घालणार?"

"होईल हो सारे," इतकेच म्हणून आजी देवघरात गेली.

दुसऱ्या दिवशी आईने तिला माळ्यावरून पितळेचे ताट काढायला सांगितले. ताटामागे एक कापडी पिशवी होती. पिशवीत चार पुडे होते आणि त्यांवर छापले होते : 'अनारसे पीठ'.

तिला प्रथम राग आला. मग लेखातील ते शेवटचे वाक्य डोळ्यांपुढे उभे राहिले आणि तिला रडूच कोसळले. डोळे पुसून ती खाली आली आणि एक पुडा आजीसमोर ठेवून उभी राहिली. आजी वाती वळीत होती. तिचा हात थांबला.

"बस, बाळ," ती म्हणाली. "१९८५ साली असाच अधिक श्रावण आला होता. तुझ्या आत्याचे नुकतेच लग्न झालेले. पहिलाच धोंडा! मी तांदूळ भिजवले, उपसले, पसरले. पण आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे. आठ दिवस उन्हाचा कवडसा नाही. तांदळातले पाणी हटेना, कुटलेले पीठ उखळाला चिकटे. तरी गूळ घालून ठेवले. तळायला घेतले, तर एकेक अनारसा हसू लागला. कढईत नुसता चुरा! पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे. तुझे आजोबा काही न बोलता छत्री घेऊन बाजारात गेले आणि पिठाचे पुडे घेऊन आले. त्या पिठाचा एकही अनारसा हसला नाही. विहीणबाईंनी तोंड भरून कौतुक केले. खरे सांगायचे माझ्या ओठांवर आले होते. पण मी बोलले नाही. पुढे जो तो कौतुक करी आणि दर वेळी बोलणे अधिकच अवघड होई. पीठ विकत आणल्याची मला लाज नाही, बाळ. इतक्या वर्षांत कोणापाशी बोलले नाही, ते मात्र सलते."

"आईला ठाऊक आहे?"

"ती सून होऊन आली, त्याच वर्षी तिने ही पिशवी पाहिली. माझा मान राखायचा म्हणून तिने कधी विषय काढला नाही."

खरे पाहता कोणत्याही स्वयंपाकघरातील पुष्कळशा वस्तू बाजारातूनच येतात. फोडणीतला हिंग हा इराण-अफगाणिस्तानकडील डोंगरांत वाढणाऱ्या वनस्पतीचा वाळलेला चीक आहे. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयोग २०२० साली सुरू झाला. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आणली. तरीही हिंगाची आमटी आणि मिरचीचा ठेचा यांना कोणी परके म्हणत नाही. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून 'लिज्जत पापड' ही मोठी संस्था उभी राहिली आणि तेथे लाटलेले पापड घरोघरीच्या पानांत दिसू लागले. दुकानातल्या पुड्यामागेही कोणाचे तरी भिजवणे, वाळवणे, दळणे असतेच. तेव्हा विकतचे घेण्यात कमीपणा कसला? मात्र ते घेतले हे झाकले, की त्या अनोळखी हातांचे श्रेय आपल्याकडे येते.

त्या रात्री पावसाचा आवाज ऐकत नात बराच वेळ जागी होती. तिला सारख्या शेजारच्या काकू आठवत होत्या. त्यांनी दोन्ही वेळा भर पावसाळ्यातच अनारसे केले होते. आजीने सांगितलेली कृती चुकीची नव्हती. पण या पावसात ती आजीलाही साधली नव्हती, एवढे सांगायचे राहिले होते. आणि तेवढ्यासाठी काकू स्वतःच्या हाताला दोष देत बसल्या होत्या.

सकाळी तिने आजीला ते सांगितले आणि विचारले, "लेखातले ते वाक्य खोडू का?"

आजी थोडा वेळ बाहेरच्या पागोळ्यांकडे पाहत राहिली. "नुसते खोडू नकोस," ती म्हणाली. "त्याच्या जागी खरे लिही. काकूंना मी सांगते."

धोंड्याच्या दिवशी पितळेच्या ताटात ३३ अनारसे रचले गेले आणि त्यांवर दिवा ठेवला. काकूही आल्या होत्या. जावयाने पहिला घास घेऊन नेहमीप्रमाणे वाखाणणी केली. तेव्हा आजी म्हणाली, "पीठ दुकानचे आहे, जावईबापू. आपल्या पहिल्या धोंड्यापासून दुकानचेच आहे."

माजघरात शांतता पसरली. काकूंनी हातातला अनारसा ताटलीत ठेवला.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "दोष माझ्या हाताचा नव्हता तर?"

"नव्हता. दोष पावसाचा होता, आणि माझ्या न बोलण्याचा."

काकू लगेच काही बोलल्या नाहीत. जावयाने मात्र हात पुढे करून दुसरा अनारसा उचलला आणि म्हटले, "तळले तर तुम्हीच ना?"

पाऊस सरला. दिवाळीच्या आधी हवा कोरडी झाली, तेव्हा आजीने काकूंना हाक मारली आणि दोघींनी नातीच्या देखत तांदूळ भिजत घातला. नातीने रोज पाणी बदलले, पंचावर तांदूळ पसरला, उखळात कुटला. पीठ मुरल्यावर तिने स्वतः पहिली पुरी थापली आणि तुपात सोडली. क्षणभर ती फुलली आणि पाहता पाहता तिचा चुरा झाला. नातीचा चेहरा उतरला. काकूंनी आजीकडे पाहिले आणि दोघींना एकदमच हसू फुटले. आजीने गोळ्यात मूठभर कोरडे पीठ मळले, आच कमी केली आणि झारा नातीच्या हातात दिला. पुढचा अनारसा हसला नाही.

हस्तलिखित निघाले, तेव्हा तिच्या लेखाचा शेवट असा होता : 'आमच्या घरी अनारशाचे पीठ पावसाळ्यात दुकानातून येते आणि दिवाळीत घरी होते. दोन्ही पिठांचे अनारसे आजी तळते. यंदा एक मी तळला, तो हसला.'