ऑसिलेटर निर्दोष सुटला

मेमरी टेस्ट रात्रभर बिनतक्रार चालायची. सकाळी कॅमेरा जोडून व्हिडिओ एन्कोडिंग सुरू केलं की थोड्याच वेळात कुठला तरी एक बिट उलटा यायचा. तोच पत्ता लगेच पुन्हा वाचला तर डेटा बरोबर. म्हणजे मेमरीत लिहिलेलं शाबूत होतं, गडबड वाचताना होत होती. दुसऱ्यांदाही चूकच आली असती तर आम्ही राइटच्या मागे लागलो असतो आणि आठवडे वाया घालवले असते.

कारखान्यात माल तपासणाऱ्या कॅमेऱ्याचा तो बोर्ड. माझ्या टेबलावर आला तेव्हा प्रोटोटाइप बनून तयार होते. मेमरी डीडीआर४, वेग २४००. म्हणजे क्लॉक १२०० मेगाहर्ट्‌झचं, डेटा त्याच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर, आणि एका बिटच्या वाट्याला जेमतेम ४१७ पिकोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश निर्वातातही साडेबारा सेंटिमीटरच जातो. बोर्डावरच्या ट्रेसमधला सिग्नल त्याच्या निम्म्यावर. या ४१७ मधून सेटअप, होल्ड, ट्रेसच्या लांबीतला फरक असे सगळ्यांचे हिस्से गेले की उरेल त्यात जिटरने, म्हणजे कडांच्या मागंपुढं सरकण्याने, भागवायचं.

फर्मवेअरवाल्यांनी वेग १८६६ वर उतरवला आणि चुका थांबल्या. "झालं की मग, पाठवून द्या," असं मॅनेजर म्हणाले. मी अडून बसलो. वेग उतरवल्याने एकेका बिटला जास्त वेळ मिळतो, जिटर जिथल्या तिथे राहतो, आणि असा झाकलेला दोष मे महिन्यात गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये उगवतो, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. शिवाय १८६६ वर कॅमेऱ्याच्या पूर्ण फ्रेमरेटला बँडविड्थ पुरत नव्हती, त्यामुळे मॅनेजरांना माझं ऐकावंच लागलं.

पहिलं खापर अर्थातच ऑसिलेटरवर फुटलं. क्लॉक हलतंय ना, मग क्लॉकचा उगम बदला. महागातला, कमी जिटरचा ऑसिलेटर मागवून बसवला. काडीचा फरक पडला नाही. रेडिएशन कमी करण्यासाठी क्लॉकची वारंवारता किंचित पसरवतात, तेही बंद करून पाहिलं. त्या बदलाची गती जेमतेम तीसेक किलोहर्ट्‌झ. एवढ्या संथ बदलामागे पीएलएल सहज चालतो, त्यामुळे तिथून मला आशा नव्हतीच.

ऑसिलेटरवर माझा संशय कमी का होता, ते रीड कसा होतो यावरून कळेल. वाचताना मेमरी चिप डेटासोबत स्वतःचा स्ट्रोबही पाठवते, त्याला डीक्यूएस म्हणतात. दोघांच्या कडा एकाच वेळी येऊन पोचतात. प्रोसेसरमधला मेमरी इंटरफेस, ज्याला आम्ही 'फाय' म्हणतो, तो हा स्ट्रोब पाव क्लॉकने, इथे सुमारे २०८ पिकोसेकंदांनी, उशिरा करतो आणि बिटच्या मधोमध आणून ठेवतो. क्लॉक थोडं हललं तर डेटा आणि स्ट्रोब जोडीनेच हलतात, त्यामुळे त्यातला बराचसा जिटर आपसात वजा होतो. वजा होत नाही तो फायमधल्या डिले लाइनचा. तिचा सप्लाय हलला की तिने दिलेला उशीर बदलतो, आणि तिथे स्ट्रोब एकटाच सरकतो.

मग स्ट्रोबचा उशीर एकेक पायरी मागेपुढे करत, डेटा कुठपासून कुठपर्यंत बरोबर येतो त्याचा तक्ता काढला. एकदा एन्कोडर बंद ठेवून, एकदा चालू करून. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर बरंच उलगडलं. डेटा बरोबर येण्याच्या या पट्ट्याचा, म्हणजे विंडोचा, मध्य जागच्या जागी होता, पण ती दोन्ही बाजूंनी आक्रसली होती. ट्रेसच्या लांबीत गोंधळ असता तर अख्खी विंडो एका बाजूला सरकली असती. आणि आक्रसल्या होत्या त्या सगळ्याच बाइट लेन, सारख्याच. म्हणजे कारण सगळ्यांना सामाईक.

फायच्या पीएलएल आणि डिले लाइनला १.८ व्होल्टच्या रेलवरून, मधे एक फेराइट बीड घालून वीज दिली होती. त्याच रेलवर कॅमेऱ्याचा सेन्सर. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाला आखूड स्प्रिंग लावली (त्या वायरमुळे आजूबाजूचा कचराच स्कोपवर जास्त दिसतो) आणि बीडच्या दोन्ही बाजूंना मोजलं. बीडच्या अलीकडे होता त्याच्या दुपटीहून जास्त रिपल पलीकडे! कुंपणच शेत खात होतं.

हिशेब अगदी साधा निघाला. बीडच्या डेटाशीटवर मोठ्या अक्षरात असतो तो १०० मेगाहर्ट्‌झचा इम्पीडन्स. काहीशे किलोहर्ट्‌झला तोच बीड निव्वळ इंडक्टर असतो, आमचा साधारण अर्ध्या मायक्रोहेन्रीचा. पलीकडे जागेअभावी ०.१ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर. दोघांचा रेझोनन्स ७०० किलोहर्ट्‌झच्या आसपास, आणि रेलचा स्विचिंग रेग्युलेटर नेमका ७०० वर चालणारा. भार कमी असला की तो रेग्युलेटर मधले पल्स गाळून सावकाश चालतो. म्हणून रात्रीची टेस्ट पास व्हायची. कॅमेरा आणि एन्कोडर सुरू झाले की तो पूर्ण वेगाला यायचा आणि फिल्टर त्याचा रिपल वाढवून द्यायचा.

खात्री करायला बीड काढून फायच्या त्या अ‍ॅनालॉग सप्लाय पिनला टेबलावरच्या लिनियर सप्लायमधून वीज दिली. एन्कोडर चालू असतानाही विंडो पूर्वीइतकी रुंद झाली. पुढच्या आवृत्तीत फायसाठी वेगळा छोटा लिनियर रेग्युलेटर टाकला, कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केला आणि रेझोनन्स दबावा म्हणून थोडा रेझिस्टन्स दिला. सिरॅमिक कपॅसिटर डीसी व्होल्टेजखाली आपली क्षमता गमावतात, म्हणून तो जरा मोठ्या आकाराचाच निवडला. लेआउटवाल्या मॅडमनी जागेवरून वाद घातला, पण जागा दिली.

तुमच्या बोर्डावर असे रीड चुकत असतील तर नव्या ऑसिलेटरची ऑर्डर देण्याआधी फायच्या अ‍ॅनालॉग पिनवर आखूड ग्राउंडचा प्रोब लावा, आणि बीड-कपॅसिटरचा रेझोनन्स कुठे पडतो ते कागदावर मांडून बघा.