यजमानांच्या डबीतील गोळी

हृदयविकार टळावा म्हणून आमचे यजमान वैद्यांच्या सल्ल्याने ॲस्पिरिनची बारीक गोळी रोज घेत. त्यांना मानवते ते मला का मानवू नये, अशा समजुतीने अठ्ठावन्नाव्या वर्षी मीही त्याच डबीत हात घातला. काही महिन्यांनी पोटात रक्तस्राव होऊन मला रुग्णालयात राहावे लागले.

तेथील डॉक्टरीणबाईंकडून कळले ते असे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात २२,०७१ निरोगी डॉक्टरांपैकी निम्म्यांना ही गोळी दिली होती; त्यांच्यात पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. ते सारेच्या सारे पुरुष! ३९,८७६ स्त्रियांवरील तसा प्रयोग प्रसिद्ध व्हावयास २००५ साल उजाडले. त्यात पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी झाला. हृदयविकार मात्र म्हणण्याजोगा घटला नाही. (पासष्टी उलटलेल्या स्त्रियांना लाभ दिसला, हेही सांगितले पाहिजे.) रक्तस्रावाचे भय पुरुषांनाही असतेच, पण मोबदल्यात त्यांच्या पदरी काही पडत होते. माझ्या पदरी काय पडेल, हे मी कोणास विचारलेच नव्हते.

आता यजमानांच्या डबीवर त्यांचे नाव लिहून ठेवले आहे. माझी डबी निराळी. तीत तूर्त बडीशेप असते.