इल्म घ्यावे ते कोणाकडून?

आठव्या शतकातील मदिना. एका आईने मुलाला चांगले कपडे घातले, डोक्याला फेटा बांधला आणि रबीआ नावाच्या विद्वानाकडे शिकायला धाडले. निघताना बजावले की, त्यांच्या विद्येआधी त्यांची रीतभात शिकून घे. हा मुलगा पुढे इमाम मालिक म्हणून नावारूपाला आला. त्यांच्या चरित्रात ही हकिकत आवर्जून सांगतात. गुरू निवडताना त्या माउलीने आधी त्याचे वागणे पाहिले.

ज्ञान, म्हणजे इल्म, मिळवणे हे इस्लाममध्ये प्रत्येक मुसलमानाचे कर्तव्य मानले आहे. पण ते घ्यायचे कोणाकडून, हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. प्रेषित मुहंमद यांचे 632 मध्ये निधन झाले. त्यांची वचने व आठवणी, म्हणजेच हदीस, मुख्यतः तोंडातोंडी पुढे जात होत्या. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिले होते ती माणसे एकेक करून गेली. सत्तेची भांडणे झाली, पंथ पडले आणि आपल्या सोयीची वचने रचून ती प्रेषितांच्या नावावर खपवणारेही निघाले. तेव्हा जाणत्यांनी एक सवयच लावून घेतली. कोणी हदीस सांगितली की विचारायचे, ‘आपण ही कोणाकडून ऐकली? आणि त्यांनी कोणाकडून?’ नावांच्या या साखळीला इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस पारखला जाई. दोघे एका काळातले होते का, त्यांची भेट झाली होती का, म्हातारपणी स्मरण बिघडले का, रोजच्या व्यवहारात तो खोटे बोलतो का! या चौकशीतून हजारो स्त्री-पुरुषांच्या माहितीचे जाडजूड कोश तयार झाले.

मालिकांचे म्हणणे होते की, चार प्रकारच्या लोकांकडून इल्म घेऊ नये. मूर्ख, लोकांशी बोलताना खोटे बोलणारा आणि आपल्याच मताकडे माणसे ओढणारा, हे तिघे समजण्यासारखे आहेत. चौथा मात्र चकित करतो. तो असतो सज्जन, भक्तिमान वृद्ध. पण आपण काय सांगतो आहोत हे त्याचे त्यालाच नीट कळत नाही. प्रेषितांच्या मशिदीत खांबांपाशी बसून हदीस सांगणारे सत्तर जण आपण पाहिले, सरकारी खजिना बिनघोर सोपवावा इतके ते प्रामाणिक होते, तरी त्यांच्याकडून काही घेतले नाही, कारण ते त्या कामाचे नव्हते, असे मालिक सांगत.

हे ऐकायला कठोर वाटते खरे. पण शेजारचे काका कितीही देवमाणूस असले तरी आपण अपेंडिक्स काही त्यांच्याकडून कापून घेत नाही! धर्माच्या बाबतीत मात्र लांब दाढी, गोड गळा आणि डोळ्यांतले पाणी एवढ्यावर आपण चटकन भुलतो.

खुद्द मालिकांकडे एकदा एक माणूस फार दुरून, चाळीसएक प्रश्न घेऊन आला. बहुतेक प्रश्नांना त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ एवढेच उत्तर दिले, असे सांगतात. मदिनेतला सर्वांत मोठा विद्वान हे म्हणू शकत होता. आज मोबाइलवर दोन मिनिटांच्या भाषणात कोणत्याही प्रश्नाचा फडशा पाडणाऱ्यांना हे शब्द क्वचितच सुचतात. वक्ता कुठे शिकला, कोणाजवळ शिकला, हे त्यात कोणी सांगत नाही आणि ऐकणारेही विचारत नाहीत. लग्न, तलाक, वारसा अशा प्रश्नांवर चुकीचे उत्तर मिळाले तर ते भोगावे लागते बहुतेकदा घरातल्या बाईला आणि मुलांना.

वास्तविक, खऱ्या आलिमाला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (1703–1762) हजला गेले, तेव्हा मदिनेत शेख अबू ताहिर यांच्याजवळ हदीस शिकून सनद घेऊन आले. भारतातील कितीतरी मदरशांची साखळी आजही वलीउल्लाहांमार्फत मदिनेला पोचते, आणि तिथले उस्ताद ती अभिमानाने सांगतात.

उस्ताद पुरुषच असावा असेही नाही. अकराव्या शतकात मक्केत करीमा नावाच्या विदुषी इमाम बुखारींचा प्रसिद्ध हदीससंग्रह शिकवीत. बगदादचे नामवंत इतिहासकार खतीब हजला आले असता, हा सबंध ग्रंथ त्यांनी करीमांपुढे पाच दिवसांत वाचून काढला. विद्यार्थ्याने उतरवून घेतलेली प्रत करीमा आपल्या मूळ प्रतीशी ताडून पाहत. एवढ्या मोठ्या ग्रंथाला त्यात किती वेळ जात असेल! पण त्याबाबत त्या फार काटेकोर होत्या, असे त्यांच्याविषयी लिहून ठेवलेले आहे.