कासवाचा कॅनकॅन

शनिवारची रात्र म्हणजे पार्टी, पिक्चर, गेलाबाजार मॉलमध्ये एक चक्कर, हा आपला साधा फंडा. पण गेलं वर्षभर माझा शनिवार वांद्र्याला एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये, जमिनीवर मांडी घालून, मोझार्ट-बाखच्या संगतीत जातोय. हसू नका. आम्ही पाच जण तिथे चक्क खेळायला जमतो.

खेळ सोपा आहे. म्हणजे सांगायला. आमची क्विझमास्टर मूळची मडगावची, शाळेपासून व्हायोलिन वाजवणारी. ती दोन वेगळ्या संगीतकारांचे दोन तुकडे लावते. आपण त्यांच्यातलं लपलेलं नातं शोधायचं. एकाने दुसऱ्याची धून उचललेली असते, कधी त्याची टिंगल केलेली असते, कधी दोघांनी तिसरीकडूनच काहीतरी आणलेलं असतं.

पहिल्या दिवशी तिने मला सोपा पेपर दिला. आधी मोझार्टची १७८८ मधली चाळिसावी सिम्फनी, मग ‘छाया’ (१९६१) मधलं तलत-लताचं गाणं. मी ओरडलेच, “अगं, सलील चौधरी!” झालं. मला वाटलं, यात आपण मास्टर.

पुढच्याच शनिवारी विमान जमिनीवर आलं. बर्लिओझची १८३० मधली ‘सिम्फनी फँटास्टिक’ आणि राखमानिनॉव्हची १९३४ मधली पॅगानिनी रॅप्सडी. मध्ये शंभराहून जास्त वर्षं. नातं काय? ‘दिएस इरे’ ही चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेत गायली जाणारी मध्ययुगीन धून दोघांनीही आपापल्या रचनेत आणून बसवलीय. मग आला शोस्ताकोविच. याने जर्मन पद्धतीने लिहिलेल्या आपल्या नावातली डी-एस-सी-एच ही अक्षरं सुरांत बसवली आणि १९५३ च्या दहाव्या सिम्फनीत, १९६० च्या आठव्या क्वार्टेटमध्ये चक्क सही ठोकली. आडनावाचे सूर करायची ही आयडिया बाखने त्याच्या कितीतरी आधी वापरली होती. बाकीचे हे सगळं पटापट ओळखायचे. मी चिवडा खायचे.

सतत हरायचा कंटाळा आला. मग एका शनिवारी मी मोबाइल ओढणीखाली धरला. गाणं ओळखणारं अ‍ॅप सुरू.

पहिला तुकडा संथ होता, जड, तंतुवाद्यांवर रांगत जाणारा. अ‍ॅप म्हणालं, कामिय सँ-साँस, ‘कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्स’, ‘कासवं’. दुसरा अ‍ॅपशिवायही कळला असता. ऑफेनबाखचा कॅनकॅन, पोरी झगे उडवत पाय वर फेकतात तो. दोन्ही नावं सर्चमध्ये टाकली आणि उत्तर हजर. मी हात वर केला. “सँ-साँसने १८५८ चा हा कॅनकॅन अगदी संथ करून १८८६ मध्ये कासवांना दिला!”

टाळ्या. कॉलर टाइट.

सगळे गेल्यावर मी कप उचलायला थांबले. क्विझमास्टर सिंकपाशी होती.

“जिंकलीस गं. पण तुला तो ऐकू आला?”

“काय?”

“कॅनकॅन. कासवांमधला.”

“हो,” मी म्हटलं. तिने नुसती मान डोलावली आणि नळ सोडला.

रिक्षात तो ‘हो’ घशात अडकल्यासारखा झाला. कारण खरं सांगू का, माझी रोजीरोटीही थोडीफार अशीच चालते. फ्रीलान्सर माणूस, आठवड्याला चार लेख. न पाहिलेल्या प्रदर्शनावर प्रेस नोट वाचून मी साडेतीनशे शब्द लिहिलेत. त्यात माहितीची चूक नव्हती, कुणाची तक्रार नव्हती. माहिती मिळाली की विषय कळला, असं मी कधीपासून धरून चालले होते कोण जाणे.

रविवारी हेडफोन लावून ती कासवं ऐकली. काहीच नाही. पुन्हा लावली. तरी नाही. मग कॅनकॅन स्वतःच गुणगुणायला घेतला, हळू, आणखी हळू, अगदी बॅटरी संपल्यासारखा. पाचव्या वेळी माझं गुणगुणणं आणि ते वाजणं एकमेकांत बसलं, आणि त्या नाचऱ्या पोरी एकदम कासवं होऊन माझ्यासमोर सरपटायला लागल्या. एकटी बसून मी खो खो हसले. सँ-साँसने ही गंमत मित्रमंडळींसाठी केली होती. जिवंतपणी त्याने यातला फक्त ‘हंस’ छापू दिला. १९२१ मध्ये तो गेल्यावर, १९२२ मध्ये बाकीचं छापून आलं. तो जोक मला आत्ता कळला.

सवय लागली म्हणून पुढचं ऐकत राहिले. ‘जीवाश्म’ नावाच्या तुकड्यात झायलोफोन खडखडत होता आणि मधेच ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल! अ‍ॅप बंद होतं. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात मी स्वतःच्या कानांनी पकडलेलं हे पहिलं नातं.

पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “मागचा पॉइंट काढ. मोबाइल वापरला होता.” एक जण हसला. एक जण खरंच चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. क्विझमास्टरने वहीत माझ्या नावापुढचा आकडा खोडला आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला. तेव्हापासून पाचही मोबाइल डब्यात जातात. मी सध्या शेवटच्या नंबरावर आहे.

खेळ संपला की आम्ही एल्गारची १८९९ मधली ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ लावतो. एल्गार म्हणाला होता, या सगळ्या रचनेवरून आणखी एक मोठी धून जाते, पण ती वाजवलेली नाही. कुठली, ते न सांगताच १९३४ मध्ये तो गेला. तर्क पुष्कळ झाले, सगळ्यांना पटेल असं उत्तर नाही. अ‍ॅप नाव सांगेल, पुढे त्याचीही बोलती बंद. मग आम्ही पाच जण दिवा मंद करून नुसते ऐकत बसतो.

परवा मला वाटलं, काहीतरी ऐकू आलं. भासही असेल. क्विझमास्टरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

मी म्हटलं, “थांब. अजून एकदा लाव.”