शिळे पाणी

सासूबाईंच्या बोलण्यात ‘शिळे’ हा शब्द भाकरीपेक्षा पाण्यालाच अधिक वेळा लागत असे. रात्रीचे पाणी सकाळी शिळे! घागर निम्मी असो की काठोकाठ, पहाटे ती अळवावर उपडी व्हायची, चिंच-राखेने आतून-बाहेरून घासली जायची आणि मगच तिच्यात नवे पाणी पडायचे. धनत्रयोदशीच्या रात्री तर या उत्साहाला उधाण येई. त्यांचे माहेर कोकणातले. त्यांच्याकडे ती पाणी भरण्याची रात्र. बंब, घंगाळ, तांबे सारे लख्ख व्हायचे आणि बंबाच्या गळ्यात कारिटाचा वेल पडायचा. घागरीत हात घालायला लावून त्या मला विचारीत, “बुळबुळीत लागतंय का गं अजून?” मी विज्ञान घेऊन पदवीधर झालेली सून. नळाचे क्लोरिन घातलेले पाणी एका रात्रीत शिळे कसे होईल, हे मला उमगत नसे. मनातल्या मनात हसत मी घागर घाशीत असे.

ते हसू तीन वर्षांपूर्वी मावळले.

माझी पुतणी तेव्हा वसतिगृहात राहत होती. चष्म्याचा कंटाळा आला म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावू लागलेली. एका सकाळी लेन्स धुण्याचे औषध संपले होते, परीक्षेची घाई होती. तिने नळाखाली लेन्स विसळली आणि डोळ्यात घातली. काही दिवसांतच डोळा लाल झाला आणि असा दुखू लागला की, “काकू, कुणीतरी आतून खिळा ठोकतंय” असे म्हणून ती रडे. आधी निदान भलतेच झाले. त्यात दिवस गेले. अखेर बुबुळावरचा पापुद्रा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा गुन्हेगार सापडला. त्याचे नाव अकँथअमीबा.

अमीबा म्हटले की आपल्याला आमांश आठवतो. तो अमीबा आपल्या आतड्याच्या आश्रयाने वाढतो. हा त्याचा दूरचा भाऊबंद मात्र स्वतंत्र बाण्याचा. याला आपली गरजच नाही. माती, विहीर, तळे, टाकी, नळाची तोटी, जिथे ओल तिथे याचा संसार. १९३० साली कॅस्टेलानी नावाच्या डॉक्टरांना तो दिसला, तोही यीस्ट वाढवायच्या तबकडीत बिनबोलावता येऊन बसलेला! भांड्याला आतून जंतूंचा जो बुळबुळीत थर धरतो, ते याचे कुरण. पाणी आटले किंवा औषध पडले, की हा दुहेरी भिंतीचे कवच करून आत निजतो. वीस वर्षे कोरडी ठेवलेली कवचे पुन्हा जागी झालेली शास्त्रज्ञांनी पाहिली आहेत. पुतणीच्या डोळ्यात याच हट्टाशी गाठ होती. सुरुवातीला दर तासाला थेंब घालायचे, रात्रीसुद्धा. गजर लावून मी तिच्या उशाशी बसत असे.

त्या जागरणांत मी या प्राण्याविषयी वाचू लागले आणि एक विलक्षण हकीकत हाती लागली. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. घरी परतल्यावर एकेक जण तापाने आणि न्यूमोनियाने आजारी पडू लागला. १८२ सैनिकांना हा आजार झाला, २९ दगावले. पुढच्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड यांनी त्याचा जंतू शोधला. सैनिकांच्या ‘लिजन’वरून त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. पण इतका नाजूक जंतू साध्या पाण्यात तगतो कसा? १९८० मध्ये इंग्लंडातील रोबॉटम यांनी उत्तर दिले : तो अमीबाच्या पोटात वाढतो!

अमीबा त्याला खायला म्हणून गिळतो आणि तो पचायचे नाकारतो. आतच त्याची पिलावळ वाढते आणि शेवटी यजमान फुटून ती बाहेर पडते. क्लोरिनच्या माऱ्यातही अमीबाचे कवच त्याला पाठीशी घालते. पुढचे वाचून तर मी पुस्तक मिटून बसून राहिले. आपल्या फुप्फुसांत जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. त्या थेट अमीबासारख्याच सरपटतात, तसेच गिळतात. अमीबाच्या पोटात जगायला शिकलेला जंतू पाण्याच्या तुषारांतून छातीत उतरला, की पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. धडा त्याने टाकीत गिरवलेला असतो. आपण भेटतो ते केवळ योगायोगाने.

नेग्लेरिया नावाचा तिसरा भाऊबंद याहून भयंकर. कोमट, गोड्या पाण्यातून तो नाकात शिरतो आणि मेंदू गाठतो. हे पाणी प्यायल्याने काही होत नाही. नाकातून वर गेले तरच. हा रोग फार विरळा. पण झाला की बहुतेकांचा जीव घेतो. २०२४ साली केरळातला एक शाळकरी मुलगा वेळीच उपचार मिळाल्याने वाचला, तेव्हा सर्वांनाच नवल वाटले. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यात दोघे जण नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दगावले. हे वाचताना माझ्या छातीत धस्स झाले. आमच्याकडे यांची जलनेती रोज सकाळी, नळाच्याच कोमट पाण्याने! त्या दिवसापासून नेतीचे पाणी खळखळ उकळून, झाकून निववले जाते. “तुझ्या अमीबापायी माझा योग लांबतो,” असे कुरकुरत हे ताटकळत उभे असतात. असू देत.

सासूबाईंचे सारेच बरोबर होते असे मात्र नाही. उघड्या डोळ्यांवर गार पाण्याचे सपकारे मारावेत, असा त्यांचा आग्रह असे. तो लेन्स लावणाऱ्यांनी मुळीच मानू नये. कितीही घासलेल्या घागरीतले असले, तरी पाणी लेन्सला लागता कामा नये. पण साचलेल्या पाण्यात काहीतरी राहायला येते, हे त्यांच्या बोटांना पुस्तकावाचून कळले होते. आम्ही मात्र घागरीच्या जागी गच्चीवर मोठी टाकी आणली आणि तिचे झाकण वर्षानुवर्षे उघडले नाही.

सासूबाई आता नाहीत. गेल्या धनत्रयोदशीला मी माणूस लावून टाकी रिकामी करवली. पुतणी सुट्टीला आली होती. तिचा डोळा वाचला, पण बुबुळावर धुक्यासारखा डाग राहिला आहे. टाकीत वाकून तिने आतून हात फिरवला आणि म्हणाली, “काकू, अजून बुळबुळीत आहे.”

आम्ही पुन्हा घासायला सांगितले. संध्याकाळी पणत्या लावताना तिने चांगला डोळा हाताने झाकला आणि क्षणभर बघत राहिली. “या डोळ्याने प्रत्येक पणतीभोवती खळं दिसतं,” ती म्हणाली, “चंद्राला पडतं ना, तसं.”

मी काही बोलले नाही. आत जाऊन बंबावर ठेवलेला वेल उगाचच नीट केला.