सिम मिळाले, पण कुलूप उघडेना

फोन हरवला की लोक पहिल्यांदा विचारतात, “कितीचा होता?” माझ्या पुतण्याचा फोन गेल्या कार्तिकात तेरेखोलच्या खाडीत पडला, तेव्हा आमच्याकडेही सगळ्यांनी हेच विचारले. रेडीतून गोव्यात कामाला जाणारी पोरे पुष्कळ. तेरेखोलला फेरीबोटीत चढायचे, केरीला उतरायचे, की पुढे हरमल-मांद्रे. हाही हरमलच्या एका हॉटेलात कामाला आहे. बोट धक्क्याला लागताना फोन शर्टाच्या खिशातून निसटला आणि ओहोटीच्या पाण्यात गेला. फोन जुनाच होता, त्याचे कोणाला फारसे वाटले नाही.

चार दिवसांत त्याने दुसरा फोन घेतला आणि आधार दाखवून त्याच नंबराचे नवे सिम काढले. पहिला दिवसभर मेसेज बंद होते, मग बँकेचे ओटीपी पूर्वीसारखे येऊ लागले. आम्हांला वाटले, झाले काम. पण रात्री पाहते तो पोरगा पडवीत डोके धरून बसलेला.

“काकी, माजा गेमचा खाता उघडणा नाय. सगळा गेला.”

“गेमच तो मरे, जाऊंदे,” दीर आतून म्हणाले.

मला मात्र तसे म्हणवेना. चार वर्षे तो हा खेळ खेळत होता. काजूच्या हंगामात बिया वेचून मिळालेल्या पैशांतून त्याने त्या खेळात काही वस्तू घेतल्या होत्या. पण तेही सोडा. हा खेळ चौघे-पाचजण मिळून खेळतात. त्यातला एक कोल्हापूरकडचा, एक मस्कतला नोकरीला. रोज रात्री बोलणे व्हायचे, सुखदुःख सांगणे व्हायचे, पण एकमेकांची खरी नावे ठाऊक नाहीत, नंबर नाहीत. पूर्वी बोटीवर गेलेल्या माणसाचा निदान पत्ता तरी घरात असे. इथे ते खाते हाच काय तो पत्ता.

नंबर तोच असताना खाते का उघडू नये, हे मी त्याच्याकडून समजून घेतले. ते इथे सांगते, कारण हे प्रकरण खेळापुरतेच नाही. आपण ज्याला ओटीपी म्हणतो त्याच्या दोन जाती आहेत. एक मेसेजने येतो. तो समोरचा पाठवतो आणि सिम जिथे असेल तिथे पोचतो. दुसरा कोणीच पाठवत नाही, तो फोनमध्येच तयार होतो. त्यासाठी फोनमध्ये एक अ‍ॅप असते. सुरुवातीला पडद्यावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्राचा फोटो घेतला की एक गुप्त किल्ली त्या अ‍ॅपात उतरते आणि तीच कंपनीकडेही राहते. पुढे दोन्हीकडे त्या किल्लीवरून आणि घड्याळातल्या वेळेवरून एकच गणित चालते. साधारण दर ३० सेकंदांनी सहा आकडी नवा अंक. रेंज नसली तरी चालते. एकच पंचांग दोन घरांत असले की न विचारता दोघांनाही आजची तिथी कळते, तसेच हे. फरक इतकाच की हे पंचांग जगात दोघांपाशीच.

आमच्यातले एक पंचांग खाडीत गेले. नवे सिम त्याला काय करणार?

अशी भानगड केली कशाला, असे मीही विचारले. तर चोर आपल्या नावाचे दुसरे सिम काढून मेसेजचे ओटीपी उचलतात, म्हणून ही दुसरी जात जास्त पक्की. खेळांच्या खात्यांची चोरी तर जुनीच. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने २००८ सालीच आपल्या खेळाडूंसाठी किल्लीच्या जुडग्याला अडकवायचे, असे अंक दाखवणारे लहानसे यंत्र विकायला काढले होते. २०१० मध्ये गुगलचे अ‍ॅप आले. हे कुलूप चोराला दाद देत नाही, आणि किल्ली हरवल्यावर मालकालाही ओळखत नाही.

अशा वेळेसाठी कंपनी सुरुवातीलाच काही राखीव कोड देते. पुतण्याने त्यांचा फोटो काढून ठेवला होता. कुठे, तर त्याच फोनमध्ये! गुगलच्या अ‍ॅपाला एप्रिल २०२३ पासून किल्ल्यांची प्रत गुगल खात्यात ठेवता येते, पण ह्याचे अ‍ॅप वेगळे, त्यात ती सोय नव्हती.

कंपनीला लिहिले. दोनदा ठोकळेबाज उत्तर आले. दरम्यान एकाने “पाचशे रुपयांत खाते सोडवून देतो” म्हणून ह्याला गाठले आणि बँकेचा ओटीपी मागितला. मी जवळच होते, फोन बंद करायला लावला. अशा फसवणुकीची तक्रार करण्याचा सरकारी नंबर १९३० आहे. आमच्या बाजूला तो लक्षात ठेवायला सोपा, शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्याच साली झाला.

तिसऱ्या पत्रानंतर कंपनीने पैसे भरल्याचा पुरावा मागितला. ईमेलवरच्या पावत्या ह्याने जागा भरते म्हणून कधीच पुसलेल्या. पण तेव्हा त्याचे बँकेत खाते नव्हते, पैसे माझ्या खात्यातून गेले होते. माझे पासबुक नेमाने भरलेले असते (त्यावरून घरात माझी थट्टा होते). तीन नोंदी सापडल्या, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक छापलेल्या. बाकीच्या ओळी कागदाने झाकून तेवढ्यांचा फोटो पाठवला. सोळाव्या दिवशी खाते उघडले. घेतलेल्या वस्तू आणखी पंधरा दिवस कोणाला देता येणार नव्हत्या, पण त्याची कोणाला पर्वा होती!

आत कोल्हापूरवाल्याचे निरोप साचले होते. शेवटचा होता, “कुठं हाईस रं? बरा हाईस न्हवं?” पोरगा रात्री दोनपर्यंत बोलत बसला. त्या रात्री दीरांनीही दिवा मालव म्हणून सांगितले नाही.

नवे राखीव कोड दहा मिळाले. ते मी त्याला वहीच्या पानावर बॉलपेनने उतरवायला लावले, कारण आमच्याकडच्या पावसात शाईचे काय होते ते ठाऊक आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पान पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या खाली ठेवले आहे. एक कोड एकदाच चालतो, वापरला की काट मारायची. अजून दहाही शिल्लक आहेत.