लाल दिवा पेटेना

माझा मोठा मुलगा साताऱ्यात अकरावीला आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याला गिटार वाजवायची होती. गिटार जुनीच, त्याच्या मामूने दिलेली. पण तिच्या आवाजाला भरदार, खरखरीत रंग चढवायचा तर पेडल लागते. साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, पत्र्याची पेटी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे निघते, आणि वरची कळ पायाने दाबली की आवाज बदलतो. हे पेडल त्याने एका मित्राकडून आठवड्यासाठी मागून आणले होते.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर हा पेडल मांडीवर घेऊन बसलेला. चेहरा उतरलेला.

“अम्मी, चालूच होत नाही. लाल दिवा पेटत नाही.”

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विजेचे माझे ज्ञान बल्ब बदलण्यापुरते. पण वर्गात एक सवय लागली आहे. मूल “येत नाही” म्हणाले की “कुठपर्यंत येते?” असे विचारायचे. तसेच आम्ही सुरू केले. आधी नवीन 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली. दिवा नाही. मग वायर बदलली. तेव्हा त्याने मला एक गंमत सांगितली. अशा बहुतेक पेडलना वेगळे बटण नसते. ‘इनपुट’च्या भोकात गिटारची वायर खोचली की आतली बॅटरी जोडली जाते, काढली की तुटते. वायर रात्रभर तशीच राहिली तर सकाळी बॅटरी संपलेली. वायर चुकून ‘आउटपुट’मध्ये गेली तरी दिवा पेटत नाही. आम्ही तेही तपासले. सगळे बरोबर होते, पण दिवा काही पेटेना. उलट नवी बॅटरी हाताला गरम लागू लागली. ती मी घाईने काढून ठेवली.

“आधी काय झालं होतं?” मी विचारले.

“काही नाही. आपोआप बंद पडलं.”

हे ‘आपोआप’ मी वर्गात रोज ऐकते. वही आपोआप फाटते, बाक आपोआप मोडतो. पण वर्गात जो सबुरीपणा ठेवते तो घरी राहिला नाही. “दुसऱ्याची वस्तू म्हणजे अमानत असते, एवढंही कळत नाही? आधीच सांगितलं होतं, बारावी होईपर्यंत हे खूळ नको!” मी बरेच काही बोलले. तो ताटावरून अर्धवट उठला.

रविवारी आम्ही दोघे पेडल घेऊन मिरजेला निघालो. सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीला. तिथून कराड, किर्लोस्करवाडी, सांगली आणि मिरज. मिरज माझे माहेर. सतारी आणि तंबोरे बनवणारे हे गाव. पूर्वी हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, त्या धंद्याला उतरती कळा लागल्यावर, एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले. पंढरपूरकडचे भोपळे आणि तुणाचे लाकूड यांतून तंबोरा उभा राहतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

माझा भाऊ अँप्लिफायर दुरुस्त करतो, पण त्याचे लहानपण या सतारवाल्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर गेले. तो सांगतो, तक्रारीचा तंबोरा आला की जुने कारागीर लगेच कानस उचलत नसत. आधी छेडून ऐकायचे, मग विचारायचे की कुठे ठेवला होता, उन्हात होता का, तारा कोणी बदलल्या. जवारी सुताएवढी हलली तरी आवाज बिघडतो, आणि ती का हलली ते वाद्यवाल्यालाच ठाऊक असते.

भावानेही पेडल उघडले नाही. भाच्याला विचारले, “अडॅप्टर कुठला लावला होतास?”

मुलाने माझ्याकडे पाहिले. भावाच्या ते लक्षात आले. “आपा, जरा चहा टाकतेस?” म्हणत त्याने मला आत धाडले आणि भाच्याला म्हणाला, “पैले सच बोल, फिर डब्बा खोलते.”

चहाचे आधण ठेवता ठेवता मला ऐकू आले. “वायफायचा लावला, मामू. बॅटरी संपली होती. अम्मीकडे पैसे कसे मागू? गिटारसाठी एक रुपया मिळणार नाही म्हणाली होती.”

मी गॅससमोर तशीच उभी राहिले.

बाहेर भाऊ समजावत होता. पिन बसली म्हणजे वीज जुळली असे नाही. पेडलच्या भोकाशेजारी एक छोटे चित्र असते, त्यात मधे कोणते चिन्ह आहे ते बघायचे. बहुतेक पेडलमध्ये मधे उणे आणि बाहेर अधिक. वायफायच्या अडॅप्टरला सहसा उलटे. शिवाय आमचा 12 व्होल्टचा होता, पेडल 9 चे. व्होल्ट तेवढेच हवेत. मिलिअँपिअर मात्र लागतात तेवढे किंवा जास्त असले तरी चालतात.

मग त्याने चार स्क्रू काढले. आत भोकाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डायोड होता, एका टोकाला पांढरा पट्टा. हा राखणदार. उलटी वीज आली की तो ती स्वतःवर घेतो आणि बाकीचे वाचवतो. यानेही तेच केले आणि जळाला. असा जळालेला डायोड वीज दोन्हीकडून जाऊ देतो, म्हणून चांगली बॅटरीही त्याच्यातूनच वाहून गरम होत होती. मल्टिमीटर दोन्ही बाजूंनी वाजला. भावाने तो काढून नवा डायोड डाख दिला, पट्टा अधिकच्या बाजूला. किंमत एका चहापेक्षा कमी. बॅटरी जोडली, वायर खोचली, कळ दाबली. लाल दिवा पेटला.

“पेडल उघडलं तर चालतं,” तो भाच्याला म्हणाला, “अडॅप्टर कधी उघडू नकोस. त्यात घरातली 230 व्होल्टची वीज असते.”

परतीच्या गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. कराड गेल्यावर म्हणाला, “अम्मी, आता तर चालतंय. मित्राला सांगायलाच हवं का?”

अमानतीवरचे व्याख्यान ओठांवर आले होते. ते गिळले. म्हणाले, “आधी माझं ऐक. बॅटरीचे पैसे मागायची वाट मीच बंद केली होती. ती माझी चूक.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. माहुलीला उतरताना म्हणाला, “उद्या सांगतो.”

त्याने सांगितले. मित्र रागावला आणि पेडल त्याच दिवशी परत घेऊन गेला. स्नेहसंमेलनात मुलाने गिटार साधीच वाजवली. मी आणि त्याचे अब्बा तिसऱ्या रांगेत होतो. रंग चढला नाही, सूर मात्र चुकला नाही. मित्राचा राग पुढे महिनाभर टिकला. आता दोघे पुन्हा एका बाकावर बसतात.

आमच्या वायफायच्या अडॅप्टरवर हल्ली कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, मुलाच्या अक्षरात: ‘12 व्होल्ट. मधे अधिक. पेडलला लावू नये.’ आणि स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे एका डबीत थोडे सुटे पैसे असतात. बॅटरीसाठी. ते घ्यायला विचारावे लागत नाही.